कोकणातल्या घरी पहिलं लिनक्स कोणतं घालावं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ घालायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आपल्याकडे घरोघरी जे लॅपटॉप आहेत, त्यांतले बरेचसे मुंबईच्या चाकरमान्यांनी नवा घेतल्यावर गावी पाठवलेले. पडदा ठणठणीत, कीबोर्ड ठणठणीत, पण विंडोज ११ला तो चालत नाही. मग दुकानदार सांगतो, ‘नवीन घ्या’, नाहीतर क्रॅक केलेलं काहीतरी घालून देतो. क्रॅक केलेल्या विंडोजवर बँकेचा पासवर्ड टाकणं मला कधीच पटलेलं नाही.

अशा मशीनसाठी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, हा चांगला मार्ग आहे. मोफत आहे, कायदेशीर आहे आणि जुन्या मशीनवर नीट चालतं. ते इंजिनिअर लोकांचं काम, असं अजूनही ऐकू येतं. पण केरळमधल्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकतायत. अडचण एकच येते. लिनक्सची डिस्ट्रो, म्हणजे तयार बांधलेल्या आवृत्त्या, शेकडो आहेत. लिनस टॉरवल्ड्सने १९९१ साली फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना जो कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहिला, तो या सगळ्यांच्या तळाशी आहे; त्यावरचा डेस्कटॉप, सोबतचे प्रोग्राम, अपडेट देण्याची पद्धत प्रत्येक जण आपापल्या मताने ठरवतो. नवशिक्या माणूस इथेच गांगरतो आणि जिचे फोटो सुंदर ती उचलतो.

माझं मत असं, की दिसणं सगळ्यात शेवटी बघावं. आपल्याकडे नेट किती मिळतं, लाईट किती टिकते, मशीन किती जुनं आहे आणि अडलं तर फोनवरून सांगणारं कोण आहे, या चार गोष्टींवर निवड ठरवावी.

आधी कामाची यादी

एक कागद घ्या आणि घरातलं प्रत्येक माणूस त्या मशीनवर काय काय करतं ते लिहून काढा. बँक, वीजबिल, सातबारा, रेल्वेचं तिकीट, व्हॉट्सअ‍ॅप वेब, यूट्यूब, ईमेल, होमस्टेचं बुकिंग ही सगळी ब्राउझरमधली कामं. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही लिनक्सवर चालतात, त्यामुळे या कामांची चिंता करू नका. पत्रं, हिशेब आणि अहवालासाठी लिब्रेऑफिस सोबतच येतं.

देवगडकडचे एक बागायतदार काका मला म्हणाले, “माका फक्त बिलां करूची आसत आणि पेटीवरची लेबलां छापूची आसत. बाकी काय नको.” त्यांची बिलं एक्सेलमध्ये होती. ती लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडली, बेरजा बरोबर आल्या, पण लेबलाची एक ओळ सरकून खाली गेली होती. कारण ती कॅलिब्री फाँटमध्ये होती आणि तो फाँट मायक्रोसॉफ्टचा. त्याच मापाचा कार्लिटो नावाचा मोफत फाँट आहे. तो घातल्यावर ओळ जागेवर आली. तुमच्या फायलींमध्ये असं काय निघेल ते आधीच कळावं म्हणून विंडोज असतानाच त्यावर लिब्रेऑफिस घालून नेहमीच्या चार-पाच फायली उघडून बघा. लिब्रेऑफिस विंडोजवरही मोफत मिळतं.

आता यादीत काय असेल तर थांबायचं, ते सांगतो. टॅलीची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. ऑटोकॅड, फोटोशॉप, कोरलड्रॉ यांचीही नाही. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) भरलेल्या मोठ्या एक्सेल फायली रडवतात. आधारसाठी बोटांचे ठसे घेणारी यंत्रं आणि डिजिटल सहीचे टोकन हे तर खास तपासण्यासारखं. त्यांची सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज धरून केलेली असतात. काहींची लिनक्ससाठी मिळतात, काहींची नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी किंवा ई-टेंडर भरणाऱ्या ठेकेदारांनी कामाचं मशीन विंडोजवरच ठेवावं आणि लिनक्स दुसऱ्या मशीनवर घालावं. पोटापाण्याच्या मशीनवर प्रयोग नको.

मशीन नीट बघून घ्या

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं गेलात की रॅम किती आणि प्रोसेसर ३२ बिट की ६४ बिट, हे दिसतं. २००८-०९ नंतरचे बहुतेक लॅपटॉप ६४ बिटचे आहेत, पण जुने नेटबुक ३२ बिटचे निघू शकतात. तिथे लिहिलेल्या ‘सिस्टिम टाइप’मध्ये दोन गोष्टी असतात, विंडोजचा प्रकार आणि प्रोसेसरचा. आपल्याला प्रोसेसरचा हवा.

४ जीबी रॅम असेल तर हलका डेस्कटॉप लागेल. ८ जीबी असेल तर हवं ते घाला. २ जीबीवर लिनक्स सुरू होतं, फिरतं, पण ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की दम लागतो. ते कुठल्याही डिस्ट्रोने सुटत नाही, कारण रॅम खातात त्या आजच्या वेबसाइट.

त्याहून महत्त्वाची गोष्ट डिस्क. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी (काहीही न फिरणारी, चिपवरची डिस्क) घातली तर मशीन ओळखू येत नाही इतका फरक पडतो. खर्च करायचा असेल तर पहिला इथे करा, रॅम त्यानंतर. कणकवली, कुडाळ, चिपळूण, रत्नागिरी, कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात हे काम करून मिळतं. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली की तुमचं विंडोज आणि सगळ्या फायली जशाच्या तशा हातात राहतात, ही त्यातली मोठी सोय. पहिल्यांदा लिनक्स घालणाऱ्याला मी नेहमी हाच मार्ग सुचवतो.

नेट आणि लाईट

परदेशातल्या लेखांत हा मुद्दा सापडत नाही आणि आपल्याला तोच सगळ्यात जास्त नडतो. गावात फायबर आलं असेल तर उत्तम. पण अजून कित्येक वाड्यांमध्ये नेट म्हणजे मोबाइलचा दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा, तोही एका ठरावीक खिडकीत रेंज मिळाली तर. अशा घरी डिस्ट्रो अपडेट कशी देते, यावर सगळं अवलंबून आहे.

काही डिस्ट्रो ‘रोलिंग’ असतात, म्हणजे नवं आलं की लगेच देतात. आर्च आणि मांजारो या त्या जातीच्या. जाणकारांना त्या आवडतात आणि त्या चांगल्या आहेतही, पण दर आठवड्याला शेकडो एमबी उतरवावे लागतात आणि दोन-तीन महिने अपडेट केलं नाही तर पुढचं अपडेट अडखळू शकतं. पावसाळ्यात नेट आठ-आठ दिवस गायब होणाऱ्या गावात हे झेपत नाही. दुसऱ्या असतात एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या. उबंटूची एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट देते. तिच्यात प्रोग्राम थोडे जुने राहतात, पण जे आज जिथे आहे ते दोन वर्षांनीही तिथेच सापडतं. आईवडिलांसाठी मशीन तयार करत असाल तर याची किंमत फार आहे.

आणखी एक. प्रोग्राम देण्याच्या स्नॅप आणि फ्लॅटपॅक अशा दोन नव्या पद्धती आहेत. दोन्हींत पहिली उतरवणी मोठी असते; एखाद्या छोट्या प्रोग्रामसाठी कित्येक शे एमबी जातात. शिवाय स्नॅप आपलं आपण पाठीमागे अपडेट होत राहतं. उबंटूमध्ये फायरफॉक्ससुद्धा स्नॅपमधून येतो. डेटा मोजून वापरणाऱ्याने हे आधी माहीत करून घ्यावं.

लाईटचं म्हणाल तर, लिनक्सची फाइल पद्धत अचानक लाईट गेली तरी बहुतेक वेळा सावरते. धोका असतो तो अपडेट चालू असताना मशीन बंद पडण्याचा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, त्यामुळे प्लग हलला तरी खेळ खलास. बॅटरी चालत नसेल तर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावून, आभाळ मोकळं असताना इन्स्टॉल करा. जूनमध्ये विजा कडकडत असताना मुळीच नको.

मग कोणती?

बहुतेक घरांसाठी माझं उत्तर लिनक्स मिंट. २००६ पासून चालत आलेली ही डिस्ट्रो उबंटूच्या एलटीएसवर बांधलेली आहे, म्हणून उबंटूसाठी लिहिलेली मदत आणि ड्रायव्हर (वायफाय, प्रिंटर असले भाग चालवणारे प्रोग्राम) तिथेही उपयोगी पडतात. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोज वापरलेल्या माणसाला हात शिकवावे लागत नाहीत. स्नॅप मुळात बंद ठेवलेलं आहे. अपडेट मॅनेजर काय उतरवणार आणि किती एमबीचं, ते आधी दाखवतो आणि तुम्ही हो म्हटल्यावरच उतरवतो. मिंट २२ ही मालिका २०२४ साली आली आणि तिला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे.

मिंटचे तीन चेहरे आहेत: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. ८ जीबी रॅमवर सिनॅमन घ्या. ४ जीबीवर एक्सएफसीई. माटे दोघांच्या मधलं आहे आणि चांगलं आहे, पण नवशिक्याने तिसऱ्या पर्यायात डोकं घालू नये.

विंडोजच्या दिसण्याची फारच सवय असेल आणि मशीन बऱ्यापैकी नवं असेल तर झोरिन ओएस बघा. आयर्लंडमध्ये तयार होते, तिचा मोफत ‘कोअर’ भाग घरासाठी पुरेसा आहे, पैसे भरून मिळणाऱ्या ‘प्रो’ची गरज नाही. ती मिंटपेक्षा जरा जड वाटते. उबंटू स्वतः भक्कम आहे, कॉलेजच्या मुलांना प्रोग्रामिंगसाठी मी तीच सांगतो. पण ४ जीबीवर ती घुसमटते, तिची उतरवायची फाइल साधारण ६ जीबीची आहे (मिंटची त्याच्या निम्मी) आणि डावीकडच्या पट्टीशी मोठ्या माणसांचं पटत नाही. झुबंटू आणि लुबंटू हलक्या आहेत, मात्र त्यांच्या एलटीएसचा सपोर्ट तीन वर्षांचाच.

मशीन खरंच जुनं असेल तर एमएक्स लिनक्स. ती डेबियनवर बांधलेली, हलकी, आणि बारीकसारीक दुरुस्त्यांची स्वतःची साधनं सोबत देणारी आहे. ३२ बिट मशीनसाठी तिची २३वी आवृत्ती घ्यावी लागेल. डेबियन १३ने २०२५ मध्ये ३२ बिटचं इन्स्टॉलेशन बंद केलं, तेव्हा त्या जातीच्या मशीनचे पर्याय आता संपत आलेत. त्यांवर पैसे खर्च करू नका.

फेडोरा सुंदर आहे, पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि प्रत्येकीला जेमतेम तेरा महिन्यांचा सपोर्ट, हे आपल्या नेटवर जमत नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही भारतीय भाषांचा विचार करून केलेली डिस्ट्रो आहे. प्रयत्न मोलाचा आहे. पण रात्री नऊ वाजता वायफाय बंद पडलं तर उत्तर सापडण्याची शक्यता मिंटसाठी कितीतरी जास्त, म्हणून घरासाठी मी मिंटच सांगतो.

मुलांसाठी एक सूचना. व्हिडिओ बघून काली लिनक्स घालण्याचा मोह होतो. ती सुरक्षा तपासणाऱ्या लोकांच्या कामाची डिस्ट्रो आहे आणि लिनक्स नवं असलेल्यांनी ती घेऊ नये, असं ती बनवणारेच सांगतात.

पेनड्राइव्हवरून चालवून बघा

लिनक्सची सगळ्यात मोठी सोय ही, की डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून पूर्ण चालवून बघता येतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.

आयएसओ फाइल, म्हणजे पेनड्राइव्हवर लिहायची अख्खी डिस्ट्रो, मिंटच्या मूळ साइटवरूनच घ्या. नेट तुटत असेल तर तिथेच टोरेंटचा दुवा असतो. त्याने उतरवलं की तुटलेल्या जागेपासून पुढे सुरू होतं, परत पहिल्यापासून नाही. फाइल आली की तपासा: विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवं बटण, सीआरसी एसएचए, एसएचए-२५६. जो लांबलचक आकडा येईल तो साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. पहिली आणि शेवटची आठ अक्षरं जुळवली तरी अर्धवट उतरलेली फाइल पकडली जाते. मग रूफस किंवा एचर हा प्रोग्राम वापरून ती पेनड्राइव्हवर लिहा.

पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना बूट मेनूची कळ दाबायची. डेल, लेनोवो, एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. विंडोजमध्ये ‘रीस्टार्ट’ करून मग दाबा. ‘शटडाउन’ने विंडोज पूर्ण बंद होत नाही.

आता घाई करू नका. चांगला तासभर द्या. वायफाय दिसतं का बघा. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. नसेल दिसत तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, नेट लगेच येतं आणि मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घेता येतो. आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर जागं होणं, प्रोजेक्टरची वायर, पडद्याचा उजेड कमी-जास्त होणं, सगळं करून बघा.

प्रिंटर तर इथेच जोडा. एचपीचे बहुतेक प्रिंटर चालतात, मात्र लेझरजेट १०२० सारख्यांना नेटवरून एक जादा प्लगइन घ्यावा लागतो. एप्सनचे शाईच्या टाकीचे प्रिंटर सहसा त्रास देत नाहीत. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे दुकानादुकानांत आहे आणि लिनक्सवर तो बसवणं किचकट आहे. तो असेल तर इन्स्टॉल करण्याआधी जाणकाराला विचारा. काकांचं लेबल पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मिंटवरच आधी छापून बघितलं, डिस्कला हात त्यानंतर लावला.

मराठीचं काय?

पाठवलेलं मराठी वाचायला काही करावं लागत नाही. लिहिण्यासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारत या गटातून मराठीचा लेआउट जोडा. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) येत असेल तर उत्तम. मोबाइलसारखं उच्चाराप्रमाणे हवं असेल तर ‘कागपा’ फोनेटिक लेआउट आहे, किंवा आयबस या टंकलेखनाच्या प्रोग्राममध्ये एम१७एन ही जोड घालून आणखी पद्धती मिळतात.

मग ‘मालवण’, ‘कुणकेश्वर’, ‘किनाऱ्यावर’ हे तीन शब्द लिहून बघा. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसले तर फाँट बदला. लोहित मराठी मराठी वळणाचे देतो. ‘किनाऱ्यावर’मधला अर्धा र चंद्रकोरीसारखा ‘य’ला चिकटलेला दिसला पाहिजे. इनस्क्रिप्टमध्ये तो नुक्त्याच्या ‘ऱ’पासून होतो, शिफ्ट धरून इंग्रजी जे; साध्या ‘र’ने लिहिलंत तर वर रफार येतो आणि शब्द चुकतो.

देवस्थानाचे, सोसायटीचे जुने अहवाल बहुधा श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटमध्ये असतात. ते लिनक्सवर उघडले की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाँट हरवलेला असतो इतकंच. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. हे काम विंडोज असतानाच उरकून घेतलं तर बरं, जोडाक्षरं नजरेखालून घालायला मूळ समोर राहतं.

सगळी प्रणालीच मराठीत ठेवायची का? मनापासून हो म्हणावंसं वाटतं. पण भाषांतर काही ठिकाणी अर्धंच आहे आणि फोनवरून मदत करणारा माणूस इंग्रजी मेनू समोर धरून सांगत असतो. म्हणून मेनू इंग्रजी आणि लिब्रेऑफिस व फायरफॉक्स मराठीत, अशी विभागणी मी करतो. ती दोन्ही मराठीत छान उपलब्ध आहेत.

डिस्कवर घालताना

पहिलं काम फायलींची प्रत. बाहेरच्या डिस्कवर, आणि शक्यतो ती डिस्क दुसऱ्या घरी. जुलै २०२१च्या पुरात चिपळूणमध्ये तळमजल्यावरचं सगळंच पाण्यात गेलं. संगणक आणि त्याची प्रत एकाच टेबलावर असण्याचा उपयोग नाही.

नवी एसएसडी घातली असेल तर ‘डिस्क पुसून मिंट घाला’ हा पर्याय निवडा आणि पुढे पुढे जात राहा, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. विंडोजशेजारी घालायचं असेल तर आधी विंडोजमध्ये तीन गोष्टी करा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि मग ते बंद करा. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या फायलींत काही लिहिता येत नाही. आणि विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून किमान ४० ते ५० जीबी जागा मोकळी करा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेल आरएसटी ही डिस्क हाताळण्याची पद्धत चालू असण्याची शक्यता असते. तो बदल अंदाजाने करू नका, विंडोज सुरू होणं थांबू शकतं.

पहिल्या आठवड्यात

टाइमशिफ्ट सुरू करा. तो प्रणालीची प्रत ठेवतो आणि अपडेटने काही बिघडलं तर मागे नेतो. डिस्क छोटी असेल तर दोन-तीनच प्रती ठेवा. तुमचे फोटो आणि फायली त्यात धरल्या जात नाहीत, त्यांची प्रत वेगळी. फायरवॉल एका बटणाने सुरू होते. लिब्रेऑफिसमध्ये दुसऱ्यांना पाठवायच्या फायली डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स प्रकारात साठवायची सवय लावा, नाहीतर ग्रामपंचायतीतून ‘उघडत नाही’ म्हणून फोन येतो.

नेट मोजकं असेल तर अपडेट मॅनेजरमध्ये ढाल असलेली सुरक्षा अपडेट आधी घ्या, बाकीची बाजारात किंवा नातेवाइकांकडे चांगलं वायफाय मिळेल त्या दिवशी. मुलगा किंवा मुलगी लांब राहत असेल तर एनीडेस्क (लांबून मशीन चालवू देणारा प्रोग्राम) घालून एकदा बाहेरच्या नेटवरून जोडून बघा.

मिंटची मोठी नवी आवृत्ती आली म्हणून त्याच दिवशी धावू नका. मिंट २१ला २०२७च्या एप्रिलपर्यंत सपोर्ट आहे, २२ला २०२९पर्यंत. बदलायचं ठरवाल तेव्हा आधी टाइमशिफ्टची प्रत घ्या, नव्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह करून प्रिंटर आणि वायफाय पुन्हा तपासा, आणि दिवस असा निवडा की दुसऱ्या दिवशी मशीनवर कुणाचं काम अडणार नाही.